मयुरीचा वर राहिलेला हात

शुक्रवार, दिवेलागण

आज वाडीतली शाळा बंद करायच्या ठरावावर सही केली. मीच. शाळेच्या समितीत मला घेतलं तेव्हा केवढी मिरवले होते! पन्नाशीत घरच्या घरी अक्षरं गिरवून शिकलेली मी.

वर्गातच भरलेल्या सभेत ओरोसच्या जिल्हा कचेरीतून आलेले साहेब म्हणाले, "पोरं जेमतेम सात. मोठ्या शाळेत गाडीने जातील, त्यांचंच भलं." खोटं नव्हतं. पण मागे बसलेल्या मयुरीचा हात वर होता. चौथीतली पोर. साहेब बोलले, सरपंच बोलले, चहा आला, तरी हात वरच. दुखला की दुसऱ्या हाताने कोपर धरायची. "साहेब, ह्या चेडवाक कायतरी सांगूचा आसा," एवढं म्हणायला काय झालं होतं मला? साहेबांना उशीर होत होता म्हणून गप्प राहिले?

सगळे गेल्यावर विचारलं, "काय गो बाय, काय सांगूचा होता?"

"आजये, आई सुंगटा सोलूक जाता. धाकली वर्गात माझ्या बाजूक बसता, आमच्या बाई काय बोलणत नाय. थंय बसवूक देतले?"

तिथे कोण देणार? म्हणजे आता आई कोळंबी सोलायला गेली की धाकट्या बहिणीला सांभाळत ही घरीच. आणि ठरावाखाली माझी सही, चांगली वळणदार.

"इचारतंय गो साहेबांका," म्हटलं. कागद तर केव्हाच त्यांच्या गाडीतून गेला होता.

जाताना वळून म्हणाली, "आजये, माझो हात तुका दिसाक नाय?"

दिसला होता गो. पहिल्यापासून दिसला होता.