पालथा फोन

मंगळवार, संध्याकाळ

दादा शहाणा आहे म्हणे! वाळवी मारायचा धंदा करतो आणि फोन टेबलावर पालथा ठेवतो. सकाळी इथल्याच बोगादी भागातल्या एका बाईंचा मेसेज आला, देवघराच्या चौकटीला वाळवी लागलीय, कधी याल? मीच वाचून दाखवला. म्हटलं, आत्ता लाव फोन. तर म्हणे, "लगेच लावला की गिऱ्हाईक डोक्यावर बसतं. आपण रिकामे आहोत असं वाटतं त्यांना." रिकामाच तर बसला होता!

जेवून, झोप काढून, मग साहेबांनी फोन लावला. बाई अर्ध्या कानडीत म्हणाल्या, "बेडा, आता नको. दुसरे येऊन औषध मारूनही गेले." ह्याचं उत्तर तयारच: असली उतावळी गिऱ्हाइकं आपल्याला नकोतच. फोन पुन्हा पालथा. मी तरी कशाला डोकं फोडून घेते?

आत्ता आमचा गीझर बंद पडला. दादाने मेकॅनिकला फोन लावला, त्याने उचलला नाही. ह्याने त्याच दमात दुसऱ्याला लावला, बोलावलंसुद्धा. वर मलाच सांगतो, "गिऱ्हाइकाकडे बघायचं नसेल तर धंदा कशाला मांडतात हे लोक?"

आणि फोन ठेवला. पालथाच.