विहिरीच्या पाण्यात काय उरलं

बाई,

आधी झालं ते सांगते.

१. रस्त्यापलीकडच्या रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी आमच्या वस्तीच्या विहिरीत उतरलं. पाणी लालसर झालं.

२. तलावातलं शेवाळ वाळवून, बंद डब्यात जाळून मी त्याचा कोळसा केला. तो पिंपात भरून पिंप विहिरीवर ठेवलं, फक्त चाचणीसाठी.

३. पिंपातून गाळलेल्या पाण्याचा रंग गेला.

४. ज्यापासून तो रंग बनतो, ते विषारी रसायन पाण्यात राहिलं. त्याला रंग नसतो.

५. वहिनीनं ते पाणी माठात भरलं.

भावानं एसटीडी बूथवरून नगरला माझ्या प्रयोगशाळेत फोन केला तो आनंदानं. मी मिळेल त्या गाडीनं निघाले. पोचले तेव्हा विहिरीवर माणसं जमली होती. चुलत्यांनी पेला उन्हात धरला. "निवळशंख हाय. आता आनखी काय पायजे तुला? पानी शुद्ध हाय, एवढं कागदावर लिहून दे."

शुद्ध. बाई, मला तुमचा वर्ग आठवला. शाईचं पाणी कोळशाच्या चुऱ्यातून गाळायचा प्रयोग आहे. माझ्या नळीतून थेंब नितळ पडताहेत आणि मी वहीत लिहिते, 'पाणी शुद्ध झाले.' तुम्ही मागे येऊन उभ्या राहता, माझ्याच पेनानं तो शब्द खोडता. "शुद्ध-अशुद्ध देवळात. इथं काय गेलं आणि काय उरलं, तेवढं लिहायचं." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तुम्ही त्याला उभं केलं आणि तास संपेपर्यंत बसू दिलं नाही. मला वाटलं होतं, तुम्ही माझी चूक काढलीत. त्या शब्दापासून तुम्ही मला दूर ठेवत होता, हे कळायला वेळ लागला, आणि मी कॉलेजात जायच्या आधीच तुम्ही वारलात.

ही विहीर आमच्या आजोबांच्या पिढीनं, धर्मांतरानंतर, स्वतः खणली. गावच्या विहिरीवर हात पसरायला नको म्हणून. चुलते म्हणाले, "आता कोन अडवत न्हाई, खरं हाय. पन आपली हीर असताना मागायला जायचं का?" मी सांगितलं, कोळसा आणखी तापवून पाहते आहे, बहुतेक जमेल, पण वेळ लागेल, तोवर हे पाणी प्यायचं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "लई शिकली, आता पान्याला भ्याती." सगळे हसले. थोडी मीही हसले.

घरात वहिनीनं चहा पुढे केला. मी विचारलं, पाणी कुठलं. "हिरीचंच की. मस उकळलंय. बघा तरी, कसा झालाय." उकळून ते रसायन जात नाही. मी कप खाली ठेवला.

ती कपाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वन्सं, आमच्या घरचं पानी तुमी बी टाकायला लागल्या व्हय?"

मी तिला रसायनाचं नाव सांगितलं. ते किती साठलं की शरीराचं काय होतं, तेही सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं. तिनं मान हलवली, चहा मोरीत ओतला आणि कप दोनदा घासला. माठ तसाच राहिला. घराबाहेर पडताना पाहिलं, तिची धाकटी त्यातूनच पाणी घेत होती. मी माठ उचलून अंगणात उपडा केला. त्यानंतर वहिनी माझ्याशी बोललेली नाही.

सोमवारी वस्तीची बैठक आहे. लिहून देणार नाही, हे ठरलं आहे. पण मी नगरला परतले की माठात काय भरायचं, हे तीच ठरवणार. तिनं माझं ऐकायला हवं, आणि मला फक्त तुमच्या वर्गातली भाषा येते. तिच्या घरचं पाणी नाकारायचं आणि तिला नाकारायचं नाही, हे कसं बोलतात ते मला येत नाही.

पाकिटावर मी शाळेचा पत्ता लिहिला आहे. पत्र टाकणार नाही.

रविवारपर्यंत कळवा.