गावापेक्षा मोठा आकडा

तीर्थरूप मामा,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा खोकला थांबला का? मामींची पाठ कशी आहे? आम्ही सगळे ठीक, म्हणजे मी सोडून सगळे.

आमचा पंपांचा कारखाना इथेच ठेवायचा की हलवायचा, हे मालक ठरवताहेत. त्याआधी कारखान्यावर गावातली किती माणसं जगतात ते मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं. (नावं निघाली त्या दिवशी मी एकटाच हजर होतो.) वही घेऊन दारोदार फिरलो. न्हावी म्हणाला, माझं निम्मं गिऱ्हाईक कारखान्याचं. त्याला लिहिलं. त्याची घरमालकीण म्हणाली, न्हाव्याच्या भाड्यावर माझं चालतं. तिला लिहिलं, तिच्याबरोबर न्हाव्याला पुन्हा. शिंप्याच्या यादीत हे दोघंही आले. दंतवैद्याकडे तर मी स्वतःच दाढ काढून घेऊन यादीत शिरलो.

मालकांपुढे मोठ्या ऐटीत आकडा वाचला, एक लाख बारा हजार. त्यांनी गावाची वस्ती विचारली. सत्तर हजार, मी म्हणालो. कोणी हसलंसुद्धा नाही, मामा. एक आकडा फुगवलेला निघाला की बाकीचे कोण खरे मानणार, एवढंच बोलून त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली.

मग दारोदार माफी मागत नावं खोडू लागलो. कामगारांच्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बाई चार ठिकाणी सापडल्या. त्यांनी इस्त्री उभी केली आणि शांतपणे विचारलं, "चारदा लिहिलंत ना? मग तीनदाच खोडा. कारखाना गेला तर मी एकदा तरी होते, हे कुठेतरी असू दे."

घरी येऊन बघतो तर चारही खोडलेली. तसाच उलट्या पावली परत गेलो. बाईंनी पेन घेतलं आणि आपलं नाव स्वतः लिहिलं, इतकं दाबून की खालच्या तीन पानांवर उमटलं.

तुमचा,
भाचा

ता.क. नवी बेरीज कारखान्यातल्या कामगारांपेक्षाही कमी भरतेय. मला सातवीत गणितात नापास करणारे मास्तर तुम्हीच, तेव्हा मी कुठे चुकतो ते तुम्हालाच ठाऊक. वही तपासून द्याल का?

दुसरा ता.क. बैठक उद्या आहे. टपालाने वेळेत पोचलं नसतं म्हणून पत्र मीच दाराखालून सरकवलंय. वाचून झालं असेल तर कडी काढा. बाहेर वही घेऊन उभा आहे.