वज्रदंत रोज सातला येतो

२७ ऑक्टो., सोम.

तलवार स्त्रीलिंगी आहे. छप्पन्नाव्या वर्षी हे वाक्य लेखी द्यावं लागावं, यापरता अधःपात नाही. आज पुन्हा पडद्यावर तेच: 'तुमचे तलवार तुटले आहे.' खेळाच्या कंपनीला चौथं पत्र धाडलं, सविनय, व्याकरणाच्या आधारांसह. उत्तर अर्ध्या मिनिटात: 'आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल धन्यवाद, वीर योद्धा.' मी योद्धा नाही. त्या खेळात मी वैद्य आहे, नाव भिषग्वर. जखमींना पाला चोळतो. तलवार माझी नव्हतीच, पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

सकाळी गोखिवऱ्यात टँकरची बातमी. दोनशे शब्द दिले, साप्ताहिकाने साठ छापायचे ठरवले. साठातही 'नागरिक त्रस्त' आहेच.

सं. ७ ला वज्रदंत आला. म्हणजे आमचा अनिकेत, मु. टोरंटो. दोन वर्षांपूर्वी जाताना त्यानेच हा खेळ लॅपटॉपवर घालून दिला. म्हणाला, "बाबा, फोनवर आपलं दोन मिनिटांत संपतं. इथे निदान बरोबर असू." इथले सात म्हणजे तिकडे सकाळ, तो कामाला बसण्याआधी. दोघं तळ्याकाठी पाला खुडतो.

"जेवलात का?"
"सात वाजलेत रे."
"वेळेवर जेवा."

बास. मग नुसतं खुडणं. बरं वाटतं.

२९ ऑक्टो., बुध.

खेळातल्या आमच्या टोळीची मुखिया सोनल. खेळात तिचं नाव लवंगी. प्रत्यक्षात पाहिलेली नाही. तुळिंजला एका लॅबमध्ये रक्त तपासते एवढं माहीत. आज तिचा निरोप: "काका, अर्जंट. उद्या तुळिंजला येताय ना बातमीला? भेटा."

मला कोणी 'अर्जंट' म्हणून शेवटचं कधी बोलावलं, आठवत नाही. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

३० ऑक्टो., गुरु.

तुळिंजच्या बाजारात फेरीवाल्यांची बातमी आटोपून रसवंतीवर गेलो. सोनल तिशीची, पांढरा कोट हातावर, बोलण्याला स्वल्पविराम नाही.

"अय्या, तुम्ही खरंच काका निघालात! मला डाउट होता. एवढं शुद्ध कोण लिहितं? 'कृपया औषधी घेऊन जावे.' मी आईला म्हटलं, हा एआय असणार."

मी म्हटलं, "शंका रास्त आहे. निरसन झालं का?"

"झालं ना. एआय उसात आलं घालू नका असं भांडत नाही."

मग मुद्दा. खेळात बॉट फार झालेत. बॉट म्हणजे माणसाच्या जागी खेळणारं यंत्र. माणूस तिकडे घोरतोय, इकडे त्याची बाहुली आपोआप पाला खुडते आणि बाकीच्यांना देठसुद्धा उरत नाही. कंपनीने प्रत्येक टोळीला बजावलंय: तुमच्यातले बॉट तुम्हीच कळवा, त्यांना कायमचं काढू. लपवलेत तर अख्खी टोळी बाहेर. सोनल ९ तारखेच्या रविवारी यादी पाठवणार.

"आणि काका, तुमचा तो वज्रदंत. शंभर टक्के बॉट आहे. तळं, जंगल, बाजार, परत तळं. तुम्ही गेल्यावर पण तीन-तीन तास. एवढं बोअर माणूस होऊच शकत नाही. तुमच्याशी बोलतो का तो?"

"बोलतो."

"काय?"

"जेवलात का."

ती हसली. "हेच तर. बघा ना जरा. तुमची ओळख आहे, तुम्ही चेक करा. माणूस निघाला तर नाव काढते."

मुलगा आहे, हे सांगितलं नाही. का नाही, ते लिहिण्याइतकं नीट कळलेलं नाही. रसाचा ग्लास तसाच राहिला.

३१ ऑक्टो., शुक्र.

न्यायशास्त्रात प्रमाणं चार. प्रत्यक्ष इथे बाद. तेव्हा अनुमान. धूर दिसला की डोंगरावर अग्नी. सोनलने धुराची लक्षणं सांगितलीत: ठराविक वेळ, ठराविक वाट, आणि अर्थहीन बोललं तरी गोड उत्तर.

सातला लिहिलं, "आज माशाने झाडावरून उडी मारली."

उत्तर: "छान बाबा."

सिद्ध झालं म्हणावं, तर अडचण अशी, की खरा अनिकेतही हेच म्हणाला असता. त्याच्या दहावीपासून मी जे जे सांगितलं, त्यावर 'छान बाबा' हा एकच अभिप्राय आहे. त्याची आई गेली त्या आठवड्यात मी काय काय सांगत होतो कोण जाणे, तेव्हाही एकदा

असो.

२ नोव्हें., रवि.

त्याचा रविवारचा फोन. आवाज खरा. मागे कुकरची शिट्टी, म्हणजे कोणीतरी स्वयंपाक करतंय. कोण, विचारलं नाही.

"खेळतोस ना रे रोज?"

"हो बाबा. म्हणजे, वेळ मिळेल तसा."

"वेळ बरा मिळतो तुला."

"का हो?"

"सहज."

दोन मिनिटं एकोणीस सेकंद. फोनच दाखवतो, मी मोजत नाही.

वेळ मिळेल तसा म्हणणारा माणूस दोन वर्षं सातच्या ठोक्याला येतो. एकदा तरी सातनंतर पाच मिनिटांनी यायला काय हरकत होती?

३ नोव्हें., सोम.

नवा पुरावा. टोरंटोत काल घड्याळं तासभर मागे गेली, दर हिवाळ्यात जातात; आजवर मी कधी ताडून पाहिलं नव्हतं. म्हणजे आपले सात आता तिकडे तासभर लवकर पडणार. साडेनऊचे साडेआठ. कामाची वेळ तीच. तेव्हा माणूस असेल तर आज आठला येईल.

पावणेसातपासून बसलो होतो. सातला वज्रदंत हजर.

म्हणजे यंत्र. त्याला झोप नाही, घड्याळ इथलं लावलेलं.

किंवा पोरगा माझ्यासाठी तासभर लवकर उठला.

दोन्ही पक्ष सारखेच बळकट. याला संशय म्हणतात, आणि शास्त्र सांगतं, की संशयानंतर जिज्ञासा व्हावी. मला झाली नाही. आमटी गरम करून जेवलो.

४ नोव्हें., मंगळ.

सोनलची युक्ती: त्याच्या वाटेत उभं राहा. यंत्र धडकत राहतं, माणूस वळसा घालतो.

तळं आणि जंगल यांच्यामध्ये पायवाटेवर भिषग्वर उभा केला. वज्रदंत आला, धडकला. पुन्हा धडकला. तिसऱ्यांदा धडकल्यावर डावीकडून वळसा घालून गेला.

सोनलला आनंदाने कळवलं. ती: "काका, आता बॉटपण वळतात. अपडेट आलंय."

लहानपणी अनि रागावला की असाच मला वळसा घालून जायचा. बोलायचा नाही. हे प्रमाण म्हणून धरता येत नाही, फक्त लिहून ठेवतो.

६ नोव्हें., गुरु.

रात्रभर विचार करून एक सापडलं. शब्द.

अनिची आई, वनिता, खाडीकडची. तिच्या माहेरी भातशेती आणि 'ण'चा पूर्ण अभाव. पानी, लोनी, कोनी. अनि सहा वर्षांचा होईपर्यंत तिच्यासारखंच "पानी दे" म्हणायचा. मला ते सोसवेना. मी त्याला बसवलं. बाणातला ण, नळातला न. पाट्या भरल्या. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "बानातला न नि नळातला न, दोनी न माझ्याच घरातले! आधी पोराला पानी तर पिऊ द्या!"

मी हसलो नव्हतो. वाक्य उत्तम होतं, आज कळतं.

आठवीत त्याचा ण इतका स्वच्छ झाला, की आजोळी मामेभाऊ त्याला 'मास्तर' म्हणू लागले. मग तो आजोळी जाईनासा झाला. आईशी मात्र दार लावून बोलायचा तेव्हा आतून 'पानी' ऐकू यायचं. मी आलो की पाणी.

तर परीक्षा. आयुष्यात मी 'पानी' लिहिलेलं नाही. अनि असेल तर दचकेल. हसेल, टोमणा मारेल, आईची आठवण काढेल, काहीतरी करेल.

सातला लिहिलं: "तळ्याचं पानी आज गोड आहे रे."

उत्तर यायला नेहमीपेक्षा वेळ लागला. की मला वाटलं.

"छान बाबा. तुम्ही पाणी भरपूर प्या. गोळी घेतलीत?"

ण स्वच्छ. बाणातला.

यंत्र असंच लिहील. आणि मी वाढवलेला अनिकेतही माझ्यासमोर असंच लिहील. त्याला ओळखायची एक खूण होती, ती मीच पाटीवर घोटून घोटून पुसली.

गोळी घेतली.

८ नोव्हें., शनि.

पत्र लिहायला बसलो. 'चि. अनिकेत यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. खेळातला तू तूच ना?' फाडलं. दुसरं: 'तुला वेळ नसेल तर सांग, मला वाईट वाटणार नाही.' हे तर धडधडीत असत्य. फाडलं. तिसऱ्यात त्याच्या आईचा विषय निघाला. तेही.

पोटापाण्यासाठी लेखणी चालवणारा माणूस मी, गटारं आणि खड्डे यांवर महापालिकेला अडखळल्याशिवाय लिहितो.

९ नोव्हें., रवि.

दुपारी सोनलचा फोन, लॅबमधून. मागे मशीन घरघरत होतं.

"काका, यादी पाठवतेय. वज्रदंतचं काय करू? नाव घालू की काढू?"

"काढ. माणूस आहे."

"शुअर ना? माझ्या टोळीवर येईल हां. पंचवीस जण आहेत."

"माझा मुलगा आहे तो."

मशीन थांबलं, किंवा ती बाहेर आली.

"काका! आधी नाही का सांगायचं? मी काय काय बोलले! बोअर म्हटलं त्याला!"

"ते खरं असू शकतं."

"मग एवढा तपास कशाला करत बसलात? त्यालाच विचारायचं ना डायरेक्ट. अरे, तू आहेस की मशीन लावलंयस?"

"विचारतो."

"विचारा नक्की. आज विचारा. मी काढलं नाव, पण तुम्ही विचारा."

आज रविवार असून त्याचा फोन नाही. सातला वज्रदंत आला. "जेवलात का?" मी म्हटलं, नाही अजून. "वेळेवर जेवा." तासभर खुडत होतो. विचारलं नाही.

आता स्वतःपुरतं खरं लिहितो. तिथे यंत्र असेल याची मला फारशी भीती नाही. यंत्र लावलं असेल, तर लावताना तो एकदा बसला असेल, बाबांना काय विचारायचं ते ठरवलं असेल. जेवण, गोळी, पाणी. तेवढा विचारही पुष्कळ झाला.

काळजी वेगळीच आहे. दहा दिवस परीक्षा घेतली आणि ज्याचं उत्तर फक्त अनिच देऊ शकेल असा एक प्रश्न मला सुचला नाही. त्याला हल्ली काय आवडतं, तिकडे मित्र कोण, कुकर कोणी लावला होता, तो सुखात आहे का, यातलं काही मला ठाऊक नाही. कधी विचारलं नाही, शुद्धलेखन तेवढं तपासलं. मी माझ्या मुलाला ओळखत नाही. आणि हे त्याला फार आधीपासून माहीत असावं.