तीन डिस्कांचे गाऱ्हाणे

१४ एप्रिल, सकाळ
प्रागहून ओंद्रेयची मेल. ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती तोच बांधतो. मी सांभाळतो त्या ड्रायव्हरचा वापरकर्ता शेवटचा कधी दिसला, ते कुणालाच आठवत नाही म्हणतो. मेअखेरपर्यंत खऱ्या कार्डावर चाचणी घेऊन रिपोर्ट पाठवा, निदान एक वापरकर्ता दाखवा. नाहीतर पुढच्या आवृत्तीतून ड्रायव्हर काढून टाकू.
भाषा कोरडी, पण आतला ओलावा जाणवतो. इतक्या वर्षांनी माझी आठवण काढली.

त्याच दिवशी, दुपार
माझ्या जुन्या शाळेने सत्काराला बोलावले तर सोपे सांगता यावे म्हणून तालीम. सर्व्हरमध्ये रेड (RAID) कार्ड असते. ते माहिती चार डिस्कवर वाटून ठेवते. पालखीसारखे. एकाचा खांदा गेला तर तिघे नेतात. दोघे बसले की पालखी खाली. ऑपरेटिंग सिस्टिम आणि कार्ड यांची भाषा वेगळी, मधला दुभाष्या म्हणजे माझा ड्रायव्हर.
ड्रायव्हरच्या कोडच्या माथ्यावर, जिथे एरवी लायसन्स लिहितात, तिथे मीच रचलेली कविता आहे:
चार तबकड्या, एकच ओझे,
एक दमे तर तिघी वाहती…
(‘डिस्क’ वृत्तात बसेना.) हे लायसन्स आहे का, असे ओंद्रेयने विचारले आहे. बिचाऱ्याला पाचवीत कवितेला चांगले मास्तर मिळाले नसावेत.

१५ एप्रिल
वापरकर्ता शोधायला देवबाग सोडायची गरज नाही. आमची ही, लीला, होमस्टे चालवते. तिच्या बुकिंगची सोय मी मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर मागेच करून दिली आहे. ओंद्रेयला कळवले की इथला पर्यटन व्यवसाय माझ्या ड्रायव्हरवर उभा आहे. ‘व्यवसाय’ जरा मोठा वाटला. ठेवला.

२२ एप्रिल
मागच्या खोलीत लीलाची सोलां. कोकमाची सालं रसामिठात बुडवून दिवसा अंगणात वाळतात, तिन्हीसांजेला सालांनी भरलेले सूप माझ्या सर्व्हरवर येते. गरम असतो म्हणून. तंत्रज्ञानाचा हा अपमान आहे, असे तिला सांगणार होतो. ती सुरंगीचा गजरा माळून आली. राहिले.
चौथ्या डिस्कचा दिवा लाल दिसतो. रस लागला असणार. पुसला. अजून लाल. कोकमाचा रंग पक्का खरा.

२५ एप्रिल
सर्व्हर कित्येक महिने पिकपिकतो. आज लक्ष देऊन ऐकले: दोन लघु, एक गुरु. दोन लघु, एक गुरु. चक्क तोटक! यंत्राला वृत्त कळते. डोळे भरून आले.
कोल्हापूरच्या पाहुण्यांची तक्रार, झोप येत नाही. लीलाचे म्हणणे, त्याला काहीतरी दुखते आहे, बघा जरा. यंत्र खुशीत असले की असे गाते, असे समजावले. पाहुण्यांना पुढची खोली दिली.

३ मे
चाचणी उद्या नक्की.

४ मे
उकाडा.

५ मे
लाइट गेली. अन्यथा आज झालीच असती.

१० मे
झाली! एक डिस्क चालू सर्व्हरमधून उपटायची, बाकीच्या तिघींनी काम ओढायचे, अशी परीक्षा. मोठे काम देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय कसे करायचे? शेजारच्या लवूला बोलावले. पर्यटकांना डॉल्फिन दाखवणारा, पण होडी पाण्यात ढकलताना गाऱ्हाणे घालावे तर त्यानेच. सूप उतरवले, सर्व्हरपुढे नारळ ठेवला.
लवू म्हणाला, “बा देवा म्हाराजा, आज काका ह्या खोक्यातली एक डिस्क भायर काढतत. उरलेल्या तिगांका सांभाळ, त्येंच्या खांद्यार बळ दी, रे म्हाराजा.”
“व्हय म्हाराजा,” मी आणि लीला.
दुसऱ्या नंबरची डिस्क ओढली. पिकपिक थांबली. इतकी शांतता या खोलीत कित्येक महिन्यांत नव्हती. सर्व्हरने ठेवलेल्या नोंदींचा सगळा लॉग न वाचताच ओंद्रेयला पाठवला. वर लिहिले: पूर्ण यश.

१२ मे
ओंद्रेयने लॉग वाचला. चौथी डिस्क दिवाळीपासून मेलेली. मी दुसरी काढली, म्हणजे दोन गेल्या. सगळी माहिती गेली. ड्रायव्हर मात्र बरोबर चालतो, म्हणतो. डिस्क मेल्याचा इशारा न चुकता देत होता, कुणी ऐकला नाही. आता फक्त त्या वापरकर्त्याने दोन ओळी लिहून द्याव्यात, ड्रायव्हर ठेवतो.
म्हणजे ते तोटक नव्हते.
लवूला सांगितले. तो माझ्यावरच तापला. “काकानू, मी तिगांचा गाऱ्हाना घातलंय. दोनच उरतली ता आदी सांगूक नको? देवाकडे माझी काय पत रवली?”

१३ मे
मे महिन्याची सगळी बुकिंगे बुडाली, हे लीलाला कसे सांगावे? आधी आर्येत लिहून पाहिले. जमेना. शेवटी गद्यात सांगितले.
ती सोलां उलटत होती. मान वर न करता म्हणाली, “माझी बुकिंगां माझ्या मोबाइलार आसत. त्या खोक्यार मी कधीच कायेक ठेवलंय नाय.”
सुटकेचा निःश्वास टाकला. पुरता टाकायच्या आत मधेच थांबवला: म्हणजे ड्रायव्हरला वापरकर्ताच नव्हता.
मग दोन ओळी तरी लिहून दे, असे सुचवून पाहिले. तिने विचारले, काय लिहू, सोलां बरी सुकतत म्हणून?

३१ मे
ओंद्रेयची मेल. ड्रायव्हर काढला. कविताही त्यासोबतच गेली. सेवेबद्दल आभार मानले आहेत, गद्यात.
सर्व्हर बंद करायला गेलो. लीला दारातून म्हणाली, “ओ, ता बंद करू नकात. उद्या-परवा पाऊस येतलो. शेवटचा सूप अजून ओला आसा.”
चालू ठेवला. ड्रायव्हर नसला तरी खोका तितकाच गरम होतो. हे ओंद्रेयला कळवलेले नाही.