ताईच्या मापाचा कोट

प्रिय ताई,

पाच मिनिटं आधी जन्मलीस म्हणून मला आयुष्यभर ताई म्हणायला लावलंस. आता बघतेच तुझी ताईगिरी! तुझ्या अंतराळयानात सहा वर्षं झाली, इथं तीस. तू छत्तिशीत, मी साठीत, आणि तरी आपण जुळ्या. शेजारणींना हे समजावताना माझ्या तोंडाला फेस येतो.

जाण्यापूर्वी तू मला हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन चमचे मांडून समजावलं होतंस. अफाट वेगाने जाणाऱ्याचा काळ सावकाश चालतो, म्हणालीस. मी लगेच तुला पेचात पकडलं: तुला तर वाटणार की तू जागेवर आहेस आणि मीच लांब पळतेय, मग म्हातारी नेमकी मीच का? तू हसून एक चमचा पुढे नेलास आणि वळवून परत आणलास. जी वळून परत येते, तिचाच काळ कमी भरतो. दुसरा चमचा जागचा हललाच नव्हता. तो मी. खरं सांगते, तेव्हा तुझा भारी राग आला होता.

माझं शिवणकाम अजून चालू आहे. सुईत दोरा ओवायला मात्र लेक लागते. तू निघालीस तेव्हा ती रांगत होती, आता जवळजवळ तुझ्या बरोबरीची झालीय. तुला मावशी म्हणायचं, या कल्पनेनंच तिला हसू आवरत नाही.

आई गेल्याचा निरोप तुला पाठवला होता. तुझं उत्तर येईपर्यंत इथं वर्षं उलटली होती. तुझ्या शब्दाशब्दात रडू होतं, आणि मी तर तिच्या आठवणी काढून हसायलाही लागले होते. त्या दिवशी तुझ्यासाठी पुन्हा रडले. तुला जवळ घ्यायला हवं होतं गं.

परवा एक घोटाळा झाला. तू येणार म्हणून मी कोट शिवला. तू कधी मापाला उभी राहिलीस? तुझे कपडे मी नेहमी माझ्याच अंगावर बेतायचे. सवयीनं हाही तसाच बेतला, बटणं लावली, घालून पाहिला. झक्क बसला. मग डोक्यात प्रकाश पडला, हा तुझ्या अंगावर गोणपाटासारखा लोंबेल! उसवायला बसणार, एवढ्यात आरशाकडे लक्ष गेलं. आरशात आई उभी होती. तेच उतरते खांदे, तशीच जराशी कललेली मान.

म्हणून हे पत्र. उतरल्यावर तुम्हाला आठवडाभर तपासणीसाठी ठेवणार आहेत, तिथं ते तुला मिळेल. मग तू दारातून बाहेर येशील आणि लहानपणी शोधायचीस तसा गर्दीत तुझ्यासारखाच चेहरा शोधशील. तो आता नाही, ताई. तुझी नजर माझ्यावरून सरकून पुढे गेली, तर मला ते सोसवणार नाही. तेव्हा तो शोधूच नकोस. कठड्यापाशी हातात कोट घेतलेली आई दिसेल. दचकू नकोस, धावत ये. ती मी आहे.

तुझीच,
अजूनही धाकटी