चौघींची एकच जन्मतारीख

बाबा, आज सकाळी ऑफिसात मी एका यंत्राशी भांडले. त्या भांडणात तुम्हीही होतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत हे लिहायला बसले आहे. डबा उघडून ठेवलाय, खायची इच्छा नाही. निवृत्तीला थोडे महिने उरलेत आणि हल्ली दुपारपर्यंतच डोळे थकून जातात. तुमचे डोळे असे थकल्याचं मला आठवत नाही. दवाखान्यातल्या त्या एका खिडकीच्या उजेडात तुम्ही दिवसभर बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायचात आणि घरी येऊन पुन्हा वही उघडायचात.

मी काय काम करते हे तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. वर्ध्याच्या कडेला एका मोठ्या दवाखान्यात मी औषधांच्या त्रासाची नोंद ठेवते. औषध घेतल्यावर कुणाला पुरळ आलं, कुणाचे डोळे पिवळे झाले, कुणी चक्कर येऊन पडलं, असे कागद गावोगावहून येतात. ते सगळे कॉम्प्युटरमध्ये जातात आणि तो त्या ढिगातून शोधत राहतो की कोणत्या गोळीबरोबर कोणती तक्रार वाजवीपेक्षा जास्त वेळा येते आहे. याला डेटा मायनिंग म्हणतात. पहिल्यांदा शिकवलं तेव्हा वर्गातली तरुण मुलं फार चकित झाली होती. मला वाटलं, हे तर आमचे बाबा एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत करायचे. एका कंपाउंडरच्या वहीत मावेल तेवढंच, पण हेच.

ढीग चाळायच्या आधी यंत्र तो साफ करतं. एकाच माणसाचा कागद दोनदा आला असेल तर दोन्ही एकत्र करतं, म्हणजे एका माणसाचा त्रास दोघांचा म्हणून मोजला जात नाही. नियम चांगला आहे. आज त्याच नियमाने केळझरच्या पलीकडच्या एका खेड्यातले चार कागद माझ्यासमोर आणून ठेवले. आम्ही नाव लिहीत नाही, फक्त आद्याक्षरं लिहितो. चारही कागदांवर आद्याक्षरं तीच, गाव तेच, सांधेदुखीची नवी गोळी तीच, तक्रारही तीच: भूक मेली, डोळे पिवळे. आणि चारही ठिकाणी जन्मतारीख एक जुलै, साल एकच. माझ्या शेजारी बसणारी मुलगी नागपूरची आहे, हुशार आहे. ती म्हणाली, "मॅडम, एकाच पेशंटचे चार फॉर्म आहेत. सिस्टरनं दर भेटीला नवीन भरला असेल. मर्ज करून टाकू का? आजची लिस्ट खूप लंबी आहे."

एक जुलै म्हटल्यावर माझा हात थांबला. तुमचीही जन्मतारीख एक जुलै. शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली. तुम्ही सांगायचात, "आमच्या वर्गातल्या साऱ्या पोरायच्या माया एकाच दिवशी बाळंत झाल्या. गावात त्या दिवशी सुईण पुरली कशी, हे मले आजवर समजलं नाई." आई दर वेळी तेवढंच हसायची. मी त्या मुलीला म्हटलं, थांब, मला फोन करू दे.

फोन लागेपर्यंत माझ्यासमोर आपलं स्वयंपाकघर उभं राहिलं. मी नववीत आहे. आई चुलीशी आहे, तुम्ही पाटावर बसून वही माझ्यापुढे सरकवता आहात. "हे इंग्रजीत चांगलं लिहून दे माय. जिल्ह्याच्या ऑफिसात पाठवतो. माह्या मराठीकडं थे पाहत नाईत." मला वर्ध्याच्या कॉन्व्हेंटमध्ये घालताना भावकीतले लोक तुम्हाला हसले होते, पोरीला मेमसाहेब करतो म्हणून. त्यामुळे माझं इंग्रजी तुमच्या कामी येणार, याचा आनंद तुमच्या चेहऱ्यावर लपत नव्हता. वहीत क्षयाच्या इंजेक्शनचे रोगी होते. तुमची लिहायची रीत ठरलेली: नाव नाही, घरच्यांना क्षय लपवायचा असतो म्हणून, फक्त बाई की माणूस, वय, आणि तक्रार त्यांच्याच तोंडच्या शब्दांत. एकदा मी "सीटी" खोडून "आवाज" लिहिलं तेव्हा तुम्ही माझ्या हातातून पेन काढून घेतलं होतं. "दुखणं त्याइचं हाय. शब्दही त्याइचाच राहू दे." तुम्ही मला रागावलात असं तेवढं एकदाच.

वहीत होतं: बाई, चाळीस, कानात सीटी वाजून राह्यली. चार पानं सोडून: बाई, चाळीस, कानात सीटी वाजून राह्यली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तुमच्याकडे येणाऱ्या कुठल्या बाईला स्वतःचं वय ठाऊक होतं? केस काळे असले तर तीस, पांढरे दिसू लागले की चाळीस, एवढाच तुमचा हिशेब. हे मला कळायला हवं होतं. पण आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी निबंधावर लाल शाईने लिहिलेलं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की एक गोष्ट एकदाच सांगावी, तीच पुन्हा सांगणं हा आळस. मला वाटलं, एकच बाई दर वेळी तीच तक्रार घेऊन येते आणि बाबा भोळेपणाने दर वेळी लिहून ठेवतात. तुम्ही अंगणात हात धूत होतात. तुम्हाला विचारायला दहा पावलं चालावं लागलं असतं. मी चालले नाही. सगळ्यांची मिळून एक बाई केली आणि एका सुबक वाक्यात लिहिलं की चाळीस वर्षांची एक स्त्री कानात आवाज येत असल्याची तक्रार वारंवार करते. तुम्ही माझ्या अक्षराकडे पाहिलंत, वाचलं नाहीत, आणि खाली सही केलीत. पुढच्या बाजाराला वर्ध्याहून माझ्यासाठी निळं शाईपेन आणलंत.

उत्तर आलं तेव्हा तुम्ही ते दोनदा वाचून घेतलंत माझ्याकडून. एकाच रुग्णाची तक्रार आहे, किरकोळ आहे, उपचार आहे तसा सुरू ठेवावा. तुम्ही कागदाची घडी घातलीत. "साहेब लोक हायेत. बराबरच असंन त्याइचं." आणि इंजेक्शनं देत राहिलात, कारण तुमच्या हातात दुसरं काही नव्हतं.

पवनारहून वांगी, सांबाराच्या जुड्या घेऊन येणारी ती बाई तुम्हाला आठवते? दारातून हाक मारायची, "कंपाउंडरसायेब, तुमची कडू दवाई मी पेतो, माही गोड वांगे तुमी खा!" तीही त्याच इंजेक्शनवर होती. एके दिवशी ती ओट्यावर आली आणि आईने भाव विचारला तर नुसती हसत बघत राहिली. आईने पुन्हा विचारलं. तिने टोपली खाली ठेवली, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मान हलवली. तुम्ही आतून आलात, तिच्याजवळ बसलात, आणि म्हणालात, "चौथी हाय ही."

मी दाराशी उभी होते. चौथी. त्या क्षणी मला कळलं, मी काय केलं होतं ते.

फोन लागला. खेड्यातली नर्स माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेईना. "एक बाई? एक काऊन असंन मॅडम? चौघी हायेत! वळखपत्राच्या शिबिरात एका लायनीत उभ्या होत्या, जन्मतारीख मालूम नाई म्हणे, त त्या पोट्ट्यानं साऱ्याइले एकच टाकून देली. आडनाव सारं गावचंच एक, नावाचं पयलं अक्षरबी चौघींचं एकच. आता काय चौघींले एका पंगतीत बसवून दाखवू तुमाले? मंग मोजा!" मग तिचा आवाज उतरला. "एक त काल भरती झाली मॅडम. बाकीच्या तिघी अजून थेच गोळी खाऊन राह्यल्या. मी बंद करा म्हनतो, त थे म्हंतेत डॉक्टरनं देली हाय. वरून काही लिहून आलं त बरं होईन."

मी तिला सांगितलं, आता आमच्या डॉक्टरांचा फोन तुमच्या डॉक्टरांना जाईल, तोवर घरोघर जाऊन गोळी थांबवा, माझं नाव सांगा. तसा फोन गेला. मग मी चार कागद चार ठेवले आणि प्रत्येकापुढे शेऱ्यात लिहिलं: वेगळी व्यक्ती, खात्री केली. शेजारची मुलगी बघत होती. यंत्राने पुन्हा ढीग चाळला. एकीच्या वेळी ज्या गोळीकडे त्याने पाहिलंही नसतं, ती चौघींमुळे यादीत वर आली. आता समिती बसेल, आणखी कागद मागवेल, वेळ लागेल. भरती झालेल्या बाईचं काय होईल ते मला ठाऊक नाही. यंत्रावर मला राग धरता येत नाही. नववीत मी जे केलं तेच ते करत होतं, आणि त्याला तर अंगणात जाऊन विचारायला पायही नाहीत.

मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्हाला कसं सुचलं फोन करायचं?" मी म्हटलं, वडिलांकडून शिकले. तिला ते आवडलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

सुट्टी संपत आली. हे पत्र लाल वहीत ठेवून देईन, तुमच्या शेवटच्या कोऱ्या पानांत. निळं पेनही तिथेच आहे, त्याने मी शाळेनंतर कधी लिहिलं नाही. ती बाई टोपली उचलून गेल्यावर तुम्ही मला स्वयंपाकघरात विचारलं होतं, रागाने नाही, नुसतं विचारलं होतं, "माय, तू साऱ्याइचं लिवलं होतं ना वं?" तुम्ही गेलात तेही त्याच समजुतीत, की तुम्ही तिघींचं कळवलं आणि वरच्यांनी ऐकलं नाही. मी हो म्हटलं होतं, बाबा.